प्रार्थनाघर आणि पंचायतीचा ठराव

वाटूरसारख्या गावात कोणी चर्च बांधण्यासाठी अर्ज केला, तर ग्रामपंचायतीने काय तपासावयाचे? वर्गातील मुले सांगतात, 'गावाची इच्छा.' हे उत्तर चूक आहे.

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 52 बांधकामाच्या पूर्वपरवानगीविषयी आहे. जागा कोणाची, रस्ता अडतो काय, सांडपाणी कोठे जाणार, हे पंचायतीने अवश्य विचारावे. सार्वजनिक जागेवर मंदिर, मशीद वा चर्चच्या नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा आदेशही आहे. तो सर्वांना सारखा. (पारावरच्या मारुतीला कोणी नकाशा मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.) परंतु अर्जदाराचा देव कोणता, हा प्रश्न बांधकामाच्या तपासणीत बसत नाही. संविधानाचे कलम 26 धार्मिक संस्था स्थापण्याचा हक्क देते. त्यास मर्यादा सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची, बहुमताची नव्हे.

याच जिल्ह्यात, जालन्याजवळ, एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. वसणारे पुष्कळसे मांग-महार. ज्यांना देवळाची पायरी वर्ज्य होती, त्यांच्या प्रार्थनेसाठी वेगळे गावच वसवावे लागले! 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. सवलत गेली, जात मात्र शेजाऱ्यांच्या ध्यानात राहिली.

विहारासाठी आपणही याच पंचायतीपुढे उभे राहतो. म्हणून चर्चच्या अर्जावर नकाराचा ठराव येईल त्या सभेस आपण हजर असावे, नकाराचे कारण लेखी मागावे आणि ठरावाची नक्कल जपून ठेवावी.