त्रेपन्न की पन्नास तीन?

घणसोली गावात गणिताच्या शिक्षणावर बोलायचं, तर लांब जायला नको. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ साली सुरू झालं. मूल विज्ञान आणि गणित शिकताना नेमकं कुठे अडतं, याचा अभ्यास तिथे होतो. सुरुवातीच्या काळातच व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट पुढे आणली. पुष्कळदा मुलाला विषय अवघड जात नाही, पुस्तकाची भाषा अवघड जाते.

आता हेच गणितात बघा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ५३ हा आकडा 'पन्नास तीन' असाही वाचायला दिला, आणि केवढा गहजब झाला! विधानसभेत विनोद झाले. समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी पद्धत जोडीला दिली आहे. पण ऐकतो कोण! मराठी बुडाली, असा निकाल आधीच लागला होता.

अडचण खरी आहे का? आहे. 'त्रेपन्न' हा शब्द संस्कृत 'त्रिपञ्चाशत्'वरून आला. त्यात तीन आधी आणि पन्नास नंतर, पण लिहिताना पाच आधी. शिवाय शतकांच्या घासाघाशीत 'पन्नास'चं बावन्नमध्ये 'वन्न' झालं, त्रेपन्नमध्ये 'पन्न'. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस, म्हणजे नाव कळायला आधी वजाबाकी! बरं, हाच नियम धरून नव्याण्णवला कुणी एकोणशंभर म्हणत नाही. सहा-सात वर्षांच्या पोराला हे सगळं निव्वळ पाठ करावं लागतं. तत्त्वज्ञानात आम्ही नाव आणि रचना यांत भेद करतो. '५३' या लेखनात रचना दिसते, पाच दशक तीन एकक. 'त्रेपन्न' हे नाव ती झाकतं.

चिनी भाषेत ५३ म्हणजे 'पाच दहा तीन'. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकन लहान मुलांची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंत दोघं बरोबरीने मोजतात, फरक पडतो तो दहाच्या पुढे, जिथे इंग्रजी नावं वेडीवाकडी होतात. आणि नॉर्वेने तर १९५१ साली अधिकृतपणे क्रमच बदलला, कारण टेलिफोनचे नंबर सांगताना घोटाळे व्हायचे. तरी जुनी पद्धत बोलण्यातून गेलेली नाही, आजही ऐकू येते.

म्हणून मला त्या वादात दोन्ही टोकं पटली नाहीत. 'त्रेपन्न' हाकलायचं कारण नाही. शब्द आटोपशीर आहे, पाढ्यांना त्यानेच लय येते. 'पन्नास चार' घालून पाढा म्हणून बघा, जीभ अडखळते. पण दशक-एकक कळेपर्यंत 'पन्नास तीन'ची शिडी दिली तर मराठीचं काय बिघडतं? आणि आपण तरी कुठे एवढे निष्ठावंत आहोत! मोबाइल नंबर मराठीत कोण सांगतं? इथल्याच बाजारात मासळीचा भाव 'अठ्ठ्याहत्तर' म्हटला की इंग्रजी शाळेतलं पोर आईकडे बघतं.

५३ ऐवजी ३५ लिहिलं की आपण मुलाला ढ म्हणतो, आणि हे ढपण पुढे दहावीपर्यंत त्याला चिकटून राहतं. तसं म्हणण्याआधी घरी एक करून बघा. दुसरीतल्या मुलाला त्रेपन्न, सत्त्याऐंशी, चौसष्ट असे आकडे सांगा. उत्तर तपासू नका, हात बघा. काही मुलं आधी तीन लिहितात आणि मग डावीकडे जागा शोधून पाच लिहितात. ऐकलं तसंच लिहिलंय त्यांनी. मग तेच आकडे 'पन्नास तीन', 'ऐंशी सात' असे सांगा, आणि पुन्हा हात बघा.