पाच फूट आठ इंच

आमच्या नागपुरात लग्नाची चौकशी एकेकाळी घराण्यापासून सुरू होई. हल्ली ती इंचांपासून सुरू होते. वधू-वर मेळाव्याची कोणतीही पुस्तिका उघडा. नाव, शिक्षण, गण, नाडी आणि ठळक अक्षरांत उंची! १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला. कापड मीटरवर गेले, दूध लिटरवर गेले. मुलगी मात्र अजून फुटा-इंचांतच मोजली जाते.

या मोजणीची झळ आमच्या घराला चांगलीच लागली आहे. आमची कन्या पाच फूट आठ इंच. शिकलेली, कमावती, हसतमुख. धरमपेठेतल्या एक परिचित बाई पोहे खाता खाता म्हणाल्या, "भाऊ, पोरगी लाखात एक आहे, पण उंच आहे हो!" जणू उंची म्हणजे पत्रिकेतला मंगळच! मुलगी दाखवायच्या दिवशी तिला सपाट चपला घालायला सांगतात. जरा खांदे पाडून उभी राहा, असेही कुणीतरी सुचवते.

आमच्या सौभाग्यवतींची अट एकच: "मुलगा निदान पाच फूट दहा हवा." मी पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. जगभरच्या संशोधकांनी २०१६ साली उंचीचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांच्या मते १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची १६४.९ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पाच फूट पाच इंच, बायकांची १५२.६, म्हणजे पाच फुटांहून केसभर जास्त. आता गंमत पाहा. दोघांत बारा सेंटिमीटरांचे अंतर मुळातच आहे! नवरा बहुधा आपोआपच उंच निघतो. त्यासाठी अट घालायची गरज नाही. अटीचा काच बसतो तो दोघांनाच, उंच मुलीला आणि ठेंगण्या मुलाला. आणि तीच दोघे एकमेकांना कधी दाखवली जात नाहीत.

महालातल्या एका मेळाव्यात असेच एक वरपिता भेटले. मुलगा इंजिनिअर, निर्व्यसनी, उंची पाच फूट चार. इंचांपायी अनेक घरांतून नकार आलेला. चहाबरोबर आम्ही दोघांनी मनसोक्त दुःख उगाळले. शेवटी मी म्हणालो, "मग आपलीच मुले भेटवू या की!" गृहस्थ दचकले. "भाऊ, फोटो कसा दिसेल?"

फोटो! संसार चाळीस वर्षांचा आणि चिंता एका फोटोची! १२ मार्च २०११ रोजी पाच फूट पाच इंचांच्या तेंडुलकरने याच नागपूरच्या जामठ्यावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १११ धावा काढल्या. त्या दिवशी प्रेक्षकांतल्या कोणा वधूपित्याने टेप काढल्याचे ऐकिवात नाही.

घरी येऊन कन्येला हा किस्सा सांगितला. ती म्हणाली, "बाबा, उंची तो वाढवू शकत नाही आणि मी कमी करू शकत नाही. मला ताठ उभी राहू देणारा असला, म्हणजे झाले."

मंडळांनी उंचीचा रकाना खुशाल ठेवावा. फक्त तो शेवटी घालावा. आधी विचारावे, भांडण झाल्यावर पहिला शब्द कोण बोलते? चहा कोण करते? दुसऱ्याच्या आईबापांचे आजारपण कोण काढते? एवढ्याची उत्तरे जुळली, तर वाचकहो, फोटो बसून काढता येतो.