कायदा १९९० चा, नियम निवडणुकीगणिक

अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ प्रसिद्ध करते. न्यू जर्सी असो की कॅलिफोर्निया, ग्रीन कार्डासाठी थांबलेली मराठी माणसे त्यातल्या भारताच्या रकान्यातली तारीख आधी पाहतात आणि आपल्या ‘प्रायॉरिटी डेट’शी, म्हणजे रांगेतली आपली जागा ठरवणाऱ्या तारखेशी, ताडून बघतात. ती तारीख कधी काही आठवडे पुढे सरकते, कधी महिनोन् महिने हलत नाही, कधी मागेही जाते. ही दिरंगाई कचेरीतल्या कारकुनांची वाटते, पण तिचे मूळ तिथल्या पक्षीय राजकारणात आहे.

रांग का लांबली?

आजची चौकट १९९० च्या कायद्याने घातली. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे द्यायची आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक जाऊ द्यायची नाहीत, असे ठरले. म्हणजे भारताला साधारण ९,८००. पती, पत्नी आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात. चिमुकल्या आइसलँडला आणि अवाढव्य भारताला मर्यादा एकच. त्यानंतर माहिती तंत्रज्ञानाची लाट आली आणि लाखो भारतीय एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत पोहोचले, तरी हा आकडा आजही तोच आहे. तो बदलायचा तर पक्षांमध्ये तडजोड हवी, आणि तीच आता होत नाही.

पूर्वी मतभेद पक्षांच्या आत होते

१९४६ चा ल्यूस-सेलर कायदा भारतीयांना अमेरिकी नागरिकत्वाचा हक्क देणारा. ज्यांच्या नावांवरून तो ओळखला जातो, त्यांपैकी क्लेअर बूथ ल्यूस रिपब्लिकन होत्या, इमॅन्युएल सेलर डेमोक्रॅट. वंश आणि मूळ देश पाहून कोटा ठरवण्याची जुनी पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडीत काढली. त्याला दोन्ही पक्षांतून पाठिंबा मिळाला आणि विरोधात दक्षिणेकडचे अनेक डेमोक्रॅट होते. १९८६ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सहीने कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला.

त्या काळी कामगार संघटनांचे ऐकणारे डेमोक्रॅट स्वस्त मजुरांच्या आवकीला बिचकत, तर उद्योजक आणि बागायतदारांचे ऐकणाऱ्या रिपब्लिकनांना मजूर हवे असत. प्रत्येक पक्षात दोन्ही मतांची माणसे होती, म्हणूनच तडजोड शक्य होती.

फूट कशी पडली?

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन १८७’ मतदानाला आले. बेकायदा स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि बहुतेक आरोग्यसेवा नाकारणारा हा प्रस्ताव रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी प्रचारात उचलून धरला. प्रस्ताव मंजूर झाला, विल्सनही निवडून आले. न्यायालयाने पुढे तो रोखला, पण दुखावलेला लॅटिनो मतदार त्या राज्यात डेमोक्रॅटांकडे वळला. २००० मध्ये एएफएल-सीआयओ या बड्या कामगार महासंघानेही भूमिका बदलून स्थलांतरितांची बाजू घेतली. हळूहळू एका पक्षाची ओळख ‘स्थलांतरितांचा’ आणि दुसऱ्याची ‘सीमेच्या बंदोबस्ताचा’ अशी होत गेली.

मतदारसंघांच्या रचनेनेही यात भर घातली. बरेच मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे उमेदवाराला खरी धास्ती असते ती ‘प्रायमरी’ची, म्हणजे स्वपक्षातल्या निवडणुकीची. तिथे मतदान थोडे होते आणि येणारे मतदार बहुधा कट्टर असतात. तडजोड करणाऱ्याला ते घरी बसवू शकतात.

२०१३ चे विधेयक

याचा पुरावा २०१३-१४ मध्ये मिळाला. दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांनी एक सर्वंकष विधेयक तयार केले. सीमेवर मोठा खर्च, कागदपत्रांविना राहणाऱ्यांना नागरिकत्वाचा लांबचा मार्ग आणि नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा रद्द, असे सगळे त्यात होते. सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. १४ रिपब्लिकनांनी साथ दिली. पण प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन नेतृत्वाने ते मतदानालाच येऊ दिले नाही. जून २०१४ मध्ये सभागृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या प्रायमरीत हरले. स्थलांतरितांबाबत ते मवाळ आहेत, असा प्रचार प्रतिस्पर्ध्याने केला होता. त्यानंतर या विषयाला हात घालायला कोणी धजावेना.

फेब्रुवारी २०२४ मध्येही तेच झाले. रिपब्लिकन सिनेटर जेम्स लँकफर्ड यांनी डेमोक्रॅटांसोबत सीमेबाबत तडजोड घडवून आणली. डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीर विरोध करताच त्यांच्याच पक्षाने पाठ फिरवली. काही डेमोक्रॅटही विरोधात गेले. ६० मतांची गरज असताना ४९ पडली.

संसद अडली, अध्यक्षांची लेखणी चालली

संसद कायदा करीत नाही, तेव्हा अध्यक्ष आदेशांवर कारभार हाकतात. ओबामांनी २०१२ मध्ये लहानपणी कागदपत्रांविना आलेल्यांना ‘डाका’ योजनेचे संरक्षण दिले. ट्रम्प सरकारने २०१७ मध्ये ती बंद करायला घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निर्णय रद्द ठरवला. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये काही देशांच्या नागरिकांवर घातलेली प्रवासबंदी बायडेन यांनी २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी उठवली. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नवी बंदी आणली. एका सहीने आलेले दुसऱ्या सहीने जाते.

मराठी घरांना बसणारी झळ

एच-१बीधारकांच्या काही जोडीदारांना २०१५ मध्ये नोकरीची परवानगी मिळाली. ट्रम्प सरकारने ती काढायचे ठरवले, बायडेन सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. त्या काळात हजारो स्त्रियांना आपली नोकरी टिकेल की नाही, हे ठाऊक नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एकदम १ लाख डॉलरांचे शुल्क लागले. आईवडील रांगेत असताना मूल २१ वर्षांचे झाले, की ते त्यांच्या अर्जातून बाहेर पडू शकते. मग शाळा-कॉलेज तिथेच झालेल्या त्या मुलाला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो.

देशनिहाय मर्यादा काढण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले होते. सिनेटने २०२० च्या अखेरीस आपला वेगळा मसुदा संमत केला. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि मुदत संपली.

वाचकांसाठी

अमेरिकेबाबतची बातमी आली की ती विधेयकाची आहे, मंजूर कायद्याची, खात्याच्या नियमाची की अध्यक्षांच्या आदेशाची, हे आधी पाहावे. विधेयक बहुधा अडते, आदेश न्यायालयात अडकू शकतो, कायदा मात्र टिकतो. घर, नोकरी, मुलांचे शिक्षण यांचे निर्णय नुसत्या मथळ्यावर घेऊ नयेत. आणि जे मराठी बांधव आता अमेरिकी नागरिक आहेत, त्यांना आग्रहाची विनंती: नोव्हेंबरच्या मतदानाइतकीच प्रायमरीही महत्त्वाची माना. तडजोड करणारा उमेदवार तिथेच पडतो, आणि त्याला वाचवणारी मतेही तिथेच लागतात.