तीन सह्यांचा अर्ज आणि कापसाची धूळ

कामगाराची नोकरी जाणे आणि कामगाराची छाती जाणे या दोन वेगळ्या फायली आहेत, असे सरकारे मानतात. पहिली फाईल रोजगार खात्यात फिरते, दुसरी कारखाना निरीक्षकाच्या कपाटात पडून राहते. परंतु कामगार एकच असतो. गिरणी बंद झाली म्हणून त्याच्या फुफ्फुसात वीस वर्षे साठलेली धूळ गिरणीच्या दाराशी थांबत नाही, ती त्याच्याबरोबर घरी येते. जागतिकीकरणावर आपल्या सभांतून पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यही आहे. पण व्यापाराच्या धोरणाने ज्याची भाकरी गेली त्याच्या हातात कायद्याने नेमके काय द्यायचे, या प्रश्नावर आपली चळवळ फारशी बोललेली नाही. म्हणून आज एका परक्या गावाची गोष्ट सांगतो. ती वाचताना लालबाग-परळ आठवल्याशिवाय राहणार नाही.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅनापोलिस नावाचे गाव आहे. कॅनन कंपनीच्या टॉवेल-चादरींच्या गिरणीभोवती ते वसले. घरे गिरणीची, दुकाने गिरणीच्या पगारावर चालणारी. पुढे ही गिरणी पिलोटेक्स नावाच्या कंपनीकडे आली आणि ३० जुलै २००३ रोजी ती कायमची बंद झाली. एका दिवसात त्या एका राज्यातले चार हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. कंपनीवर कर्जाचा डोंगर होता आणि परदेशातून स्वस्त माल येत होता, दोन्ही कारणे खरी. नंतर गिरणी पाडण्यात आली आणि गिरणीचे एकेकाळचे मालक डेव्हिड मरडॉक यांनी त्या जागेवर संशोधन संकुल उभे केले. गिरणीची जमीन, माजी मालक आणि नवी चकाचक इमारत! मुंबईकर वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

नवल पुढे आहे. त्या कामगारांच्या हातात एक कायदा होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात १९६२ साली अमेरिकेने व्यापारविस्ताराचा कायदा केला तेव्हा त्यात एक तत्त्व मान्य केले गेले. खुल्या व्यापाराचा फायदा साऱ्या देशाला होणार असेल, तर त्याचा तोटा मूठभर कामगारांच्या माथी मारता येणार नाही. १९७४ च्या व्यापार कायद्याने ही तरतूद रुंद केली. आयातीमुळे किंवा काम परदेशी गेल्यामुळे नोकरी गेली असे वाटणारे कोणतेही तीन कामगार एकत्र येऊन सरकारच्या श्रम विभागाकडे अर्ज करू शकत. युनियन हवी अशी अट नाही, मालकाची संमती हवी अशीही नाही. २००२ च्या दुरुस्तीनंतर विभागाने चाळीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा होता. अर्ज मंजूर झाला की बेकारभत्ता संपल्यावरही प्रशिक्षण चालू असेपर्यंत साप्ताहिक भत्ता, प्रशिक्षणाचा खर्च, दुसऱ्या गावी काम मिळाले तर सामान हलवण्याचा खर्च. पन्नाशी ओलांडलेल्याने कमी पगाराची नोकरी पत्करली तर जुन्या-नव्या पगारातील फरकाचा काही भाग दोन वर्षे सरकार देई. अर्ज फेटाळला तर न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात दाद मागता येई.

वकील म्हणून मला यातली रक्कम किती याहून महत्त्वाचे वाटते ते कायद्याचे यंत्र कोणी सुरू करायचे हे. आपल्याकडे योजना मंत्रालयातून निघते आणि लाभार्थी शोधत हिंडते. तिथे तीन कामगारांच्या सह्यांनी सरकारला चौकशी करणे भाग पडत होते.

या कायद्याची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. १९६२ पासून १९६९ पर्यंत एकाही कामगाराला त्याचा लाभ मिळाला नव्हता, इतक्या अटी कडक होत्या. संतापलेल्या कामगार पुढाऱ्यांनी त्याला 'अंत्यविधीचा विमा' असे नाव दिले होते. पुढे संगणकाचे काम भारतासारख्या देशांत येऊ लागले तेव्हा तिथल्या प्रोग्रामरांनी अर्ज केले. श्रम विभागाने सांगितले की सॉफ्टवेअर ही 'वस्तू' नाही, सबब तुम्ही कायद्यात बसत नाही. कामगार न्यायालयात गेले, झगडले आणि २००६ साली विभागाला आपले धोरण बदलावे लागले. सेवाक्षेत्रातील कामगारांना तर २००९ पर्यंत दारातच उभे केले होते. कॅनापोलिसमध्येही अनेक कामगार पन्नाशीच्या घरातले, शालेय शिक्षण अपुरे राहिलेले. रोवान-कॅबेरस कम्युनिटी कॉलेजात ते आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर जाऊन बसले. काहींना त्यातून वाट सापडली, पुष्कळांना जुना पगार पुन्हा कधी मिळाला नाही.

आता दुसरी फाईल. कापूस पिंजताना, कार्डिंग करताना उडणाऱ्या धुळीने जो आजार होतो त्याला वैद्यकशास्त्र बिसिनोसिस म्हणते. सुट्टीनंतर सोमवारी कामगार कामावर गेला की छाती आवळल्यासारखी होते, हे त्याचे पहिले लक्षण. सुरुवातीला आठवड्याच्या पुढच्या दिवसांत ते कमी होते, मग सगळेच दिवस सोमवार होतात. इंग्लंडमध्ये डॉ. शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांत हा आजार तपासून मांडला, तरी अमेरिकेतले गिरणीमालक तो आपल्याकडे नाहीच असे म्हणत राहिले. १९७० साली तिथे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. १९७५ मध्ये कॅरोलिनातील दमेकरी कामगारांनी 'ब्राऊन लंग असोसिएशन' स्थापन केली. धाप लागलेली म्हातारी माणसे सुनावण्यांना जाऊन बसू लागली. १९७८ साली सूत तयार करणाऱ्या खात्यांत हवेच्या एका घनमीटरमागे दोनशे मायक्रोग्रॅमहून अधिक धूळ असता कामा नये, असा दंडक सरकारने घातला.

मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते : धूळ काढायला इतके डॉलर लागतात, त्यातून वाचणाऱ्या फुफ्फुसांची किंमत तेवढी भरते का, हे आधी पाहा. जून १९८१ मध्ये न्यायमूर्ती ब्रेनन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. कायदेमंडळाने 'शक्य असेल तितके' संरक्षण द्या असे म्हटले आहे. खर्च आणि फायदा यांचे तराजू पुढे मांडून कामगाराचे आरोग्य कमी करता येणार नाही. गिरण्यांनी नवी यंत्रे बसवली. प्रत्यक्षात खर्च भाकितापेक्षा पुष्कळ कमी आला, उत्पादन वाढले आणि आजार झपाट्याने उतरला. सुरक्षेच्या कायद्याने उद्योग मरतो, असे सांगणाऱ्यांनी हा खटला अवश्य वाचावा.

एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवतो. साऊथ कॅरोलिना राज्याने १९१५ साली कायदाच केला होता की कापडगिरणीत काळ्या आणि गोऱ्या कामगारांनी एका खोलीत काम करायचे नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत दक्षिणेतल्या गिरण्यांत काळ्या माणसाला बहुधा अंगणातले, गासड्या फोडण्याचे, म्हणजे हमालीचे आणि सर्वात धुळीचे काम मिळे. मुंबईच्या गिरण्यांत कायदा करावा लागला नाही, जात पुरेशी होती. साचाखात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्णाला बाटवणार म्हणून जास्त पगाराचे साचाखाते आपल्या बापजाद्यांना बंद आणि कमी पगाराचे रिंगखाते खुले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला आणि पुढारी अडचणीत आले. कोणत्या खात्यात किती धूळ, हा आरोग्याचा तक्ता आहे. दोन्ही देशांत तो जातीचा आणि वर्णाचाही तक्ता होता.

मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढची कहाणी घराघरांत ठाऊक आहे. केंद्र सरकारने १९८६ साली कापडगिरणी कामगारांच्या पुनर्वसनासाठी निधी काढला. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. कागदावर योजना बरी दिसते. पण गिरणी कायदेशीररीत्या बंद झालेली हवी आणि कामगाराची पाच वर्षे सलग नोकरी हवी. आता, संपानंतर हजारोंना कामावर परत घेतलेच नाही, पण गिरणी तर 'चालू' होती. पुढे अनेक गिरण्या बंद न म्हणताच बंद पडल्या, कामगारांकडून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांवर सह्या घेतल्या. बदली कामगाराला तर सलग नोकरी शब्दच लागू नव्हता. भाकरी गेली, पण कायद्याच्या भाषेत गेली नाही. १९९२ चा राष्ट्रीय नूतनीकरण निधी नव्या आर्थिक धोरणाबरोबर आला तो कामगारांना नवे कौशल्य देण्याचा गाजावाजा करत, आणि त्यातला बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांतून माणसे कमी करण्यासाठी खर्च झाला.

आणि छाती? बिसिनोसिस १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. पण ठराविक काळ सलग काम, आजाराचा दाखला आणि तोही वेळेत, हे सगळे कामगारानेच जमवायचे. माझ्याकडे जुने गिरणी कामगार पिशवी घेऊन येतात. पिशवीत भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या असतात, म्हाडाच्या घराच्या अर्जाची पोच असते, तिकीट नंबर असतो. कामामुळे छाती गेली असे सांगणारा एक कागद सहसा नसतो. खोकला क्षयाचा ठरलेला असतो किंवा बिडीचा. गिरणीच्या जमिनीचा चौरस फूट न् चौरस फूट मोजला गेला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत मोजला गेला. फुफ्फुस मात्र कोणी मोजले नाही.

हे दोन्ही विषय एकच आहेत याचा पुरावा अर्थशास्त्रज्ञांनीच दिला. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तिघांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिनी मालाचा फटका बसलेले अमेरिकेतले भाग तपासले. तिथे व्यापारग्रस्तांच्या मदतीचा खर्च थोडा वाढला, पण अपंगत्वाच्या भत्त्यावरचा खर्च त्याच्या अनेक पटींनी वाढला. अर्थ उघड आहे. शरीर थकलेला कामगार जोवर नोकरीत असतो तोवर ओढत राहतो. नोकरी गेली की ते शरीर कुठेच विकले जात नाही.

अमेरिकेचा तो तीन सह्यांचा दरवाजाही अखेर बंद झाला. कायद्यात मुदत होती, ती वाढवण्यावर एकमत झाले नाही आणि १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबले. कायदा रद्द करण्याची चर्चासुद्धा करावी लागली नाही, तारीख उलटू दिली एवढेच. २०२५ साली तिथल्या सरकारने जगभर आयातशुल्काचे युद्ध छेडले तेव्हाही तो दरवाजा बंदच होता. भारतीय मालावर २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के शुल्क बसले. पुढे त्या शुल्काचे काय होत गेले हा वेगळा विषय आहे, आपल्या सरकारने काय केले ते पाहा. कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झाले, म्हणजे विदर्भाच्या शेतकऱ्याच्या पदरी घाटा आला. नोव्हेंबरात निर्यातदारांसाठी सुमारे २५ हजार कोटींचे अभियान आणि कर्जहमी जाहीर झाली. तिरुप्पूरच्या शिवणयंत्रावर किंवा सुरतेच्या घाणीवर हिऱ्याला पैलू पाडत बसलेल्या माणसाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येईल असे त्यात काही नव्हते. मालक तगला तर कामगार तगेल, हा जुनाच सिद्धांत.

याच नोव्हेंबरच्या २१ तारखेला चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार पुनर्कौशल्य निधी' आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन भरायचे, ते पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचे. पंधरा दिवसांत कोणते कौशल्य शिकतात, ते संहिता लिहिणाऱ्यांनीच सांगावे. त्यातही मेख अशी की ठराविक मुदतीच्या करारावरचा कामगार मुदत संपून घरी गेला तर ती 'कपात' धरली जात नाही. निर्यातीच्या कारखान्यात मागणी घटली की सर्वात आधी याच कामगाराचा करार संपतो. तीनशेपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगीही लागत नाही, पूर्वी ही मर्यादा शंभर होती. सुरक्षा संहितेने कारखाना म्हणजे विजेवर चालणारी, दहाऐवजी वीस कामगारांची जागा असे ठरवले. निरीक्षकाचे नावही 'निरीक्षक नि सुकरकर्ता' अशा अर्थाचे झाले. गंभीर धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क सर्व कामगारांना मिळाला, ही चांगली गोष्ट आहे आणि ती कार्यकर्त्यांनी वापरली पाहिजे. पण मुंबईचे साचे जिथे गेले त्या भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतल्या अठरा-एकोणीस माणसांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये हा हक्क सांगायचा कोणाला?

म्हणून संहितांच्या नियमांवर आणि दुरुस्त्यांवर आपल्या संघटना निवेदने देतील तेव्हा निधीची रक्कम वाढवा एवढ्यावर थांबू नये. व्यापारधोरणामुळे काम गेले अशा तीन कामगारांच्या सह्यांवर श्रम विभागाने ठराविक दिवसांत चौकशी करून लेखी निर्णय दिलाच पाहिजे, अशी तरतूद मागावी आणि तिच्यावर मुदतीची तारीख नसावी. कराराची मुदत संपलेला आणि बदलीवरचा कामगार त्यात धरावा. त्याच अर्जावरून सरकारी खर्चाने छातीची, कानांची, डोळ्यांची तपासणी व्हावी आणि तिचा कागद कामगाराच्या हातात पडावा. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना मात्र विसरू नये : कोणत्या खात्यात, किती वर्षे.