खोक्यातला एक पाय
खरेदीमागची गोष्ट : भाग ९

मागच्या भागात वेफर्सच्या पुडीतून निघणाऱ्या टॅझोंपाशी थांबलो होतो. आज त्याच वाटेनं पुढे, ॲक्शन फिगरपर्यंत.

सीवूड्स-दारावे स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे. भाचा राहायला आला की तिथल्या खेळण्यांच्या फडताळांपाशी आमची एक फेरी ठरलेली. परवा मी ती फडताळं आधी त्याच्या उंचीला बसून पाहिली आणि मग उभं राहून. खाली, सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर, फूटभर उंच स्पायडरमॅन होता. मान, खांदे आणि मांड्या, वळणारे सांधे एवढेच. वर, माझ्या नजरेसमोर, तोच स्पायडरमॅन सहा इंची. त्याचं मनगट वळतं, गुडघा दुमडतो, घोटासुद्धा फिरतो. उंचीला निम्मा आणि किमतीला कितीतरी पट. दोन्ही हॅस्ब्रो कंपनीचेच.

खालचा पडणार, आपटणार, बादलीत बुडणार हे धरूनच बनवलेला असतो. सांधे कमी म्हणजे साचा सोपा, जोडणी थोडी आणि मोडायला जागाही थोडी. वरचा कपाटात उभा राहणार. त्याच्या रंगकामाला आणि चेहऱ्याच्या साम्याला पैसे पडतात.

पण मला थांबवलं ते वरच्या खोक्यातल्या एका पायानं. स्पायडरमॅनच्या शेजारी, पारदर्शक कप्प्यात, कुणा भलत्याच धिप्पाड माणसाचा सुटा पाय होता. भाच्यानं विचारलं, "मामा, हा कोणाचा?" या एका प्रश्नात सगळा धंदा सामावलेला आहे.

'मार्व्हल लेजंड्स' ही मालिका टॉय बिझ कंपनीनं २००२ साली आणली. २००५ मध्ये त्यांनी गॅलॅक्टस नावाचा अजस्र खलनायक तुकड्यातुकड्यांनी विकला. एका खोक्यात हात, दुसऱ्यात पाय, तिसऱ्यात धड. सगळी खोकी घेतली तरच तो उभा राहणार. २००७ पासून ही मालिका हॅस्ब्रोकडे आली आणि युक्तीही तिच्याबरोबर आली. यामागची अडचण दुकानदाराला विचारा, तो लगेच सांगेल. माल कार्टननं येतो आणि एका कार्टनमध्ये वेगवेगळी पात्रं मिसळलेली असतात. स्पायडरमॅन लगेच उचलला जातो. ज्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही असा दुय्यम वीर मात्र महिनोन् महिने खुंटीला लटकतो. जमवणारे अशा पडून राहिलेल्या मालाला 'पेग वॉर्मर' म्हणतात. मग कंपनी त्या नकोशा वीराच्या खोक्यात राक्षसाचं धड ठेवते. आता तो नकोसा राहत नाही. गिऱ्हाईक त्याला घरी नेतं ते त्याच्या शेजारच्या तुकड्यासाठी.

मुलाला गोष्ट विकायची आणि मोठ्याला अपुरेपणा विकायचा, असं मला हे फडताळ पाहताना वाटत होतं. इतिहास चाळला तेव्हा दिसलं की दोन्ही धागे पहिल्यापासून एकत्रच विणलेले आहेत.

१९६४ साली हॅस्ब्रोनं जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला. होती ती बाहुलीच, कपडे बदलता येणारी. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीनं कंपनीनं 'बाहुली' हा शब्दच टाळला आणि 'ॲक्शन फिगर' हे नाव रूढ केलं. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' झळकला तेव्हा केनर कंपनीची खेळणी नाताळपर्यंत तयार होणार नव्हती. त्यांनी चक्क रिकामा खोका विकला. आत एक प्रमाणपत्र. ते पाठवलं की पुढच्या वर्षी चार फिगर टपालानं घरी येणार. आणि दुकानात जेव्हा माल आला, तेव्हा प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर बाराही पात्रांची चित्रं होती. एक हातात घेतलं की उरलेली अकरा दिसत.

१९८२ साली जी. आय. जो पावणेचार इंचांचा होऊन परतला. आता तो एकटा नव्हता, त्याची पलटण होती. लॅरी हामा या कॉमिक्सकारानं प्रत्येक सैनिकाची ओळख लिहिली: टोपणनाव, जन्मगाव, कसब, स्वभाव. ती पाकिटाच्या पाठीवर, कापून ठेवता येईल अशी छापली जायची. अमेरिकेत तेव्हा खेळण्यांच्या जाहिरातीत ॲनिमेशन किती दाखवायचं यावर बंधन होतं. हॅस्ब्रोनं मार्व्हलच्या जी. आय. जो कॉमिकची जाहिरात टीव्हीवर केली, ॲनिमेशनमध्ये. पुस्तकाच्या जाहिरातीला ते बंधन लागू नव्हतं. त्याच वर्षी मॅटेलनं ही-मॅन आणला. आपल्याकडे ज्यांनी तो दूरदर्शनवर पाहिला, त्यांना वाटतं आधी मालिका आली असेल. उलट आहे: आधी बाहुले विकायला आले, कार्टून १९८३ मध्ये.

या कथेचा एक धागा आपल्या शेजारी, गोव्यात आहे. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल ही कंपनी काढली आणि तिच्या गोव्याच्या कारखान्यातून भारतीय जी. आय. जो बाहेर पडू लागले. साचे हॅस्ब्रोचे, पण रंग पुष्कळदा वेगळे. अमेरिकेतली ती मालिका १९९४ मध्ये थांबली तरी आपल्याकडे हे सैनिक निघत राहिले. तिकडच्या जमवणाऱ्यांना ते नंतर हवेसे झाले, कारण हा रंग त्यांच्या कपाटात नव्हता. आम्ही मुलं ज्यांना मातीत पुरत होतो, त्यांचं न फोडलेलं पाकीट आज परदेशात जपून ठेवलं जातं. माझा एकच उरलाय, अंगठा तुटलेला.

पाकिटावरचं वयसुद्धा नीट वाचावं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. महागड्या जपानी फिगरच्या खोक्यावर '१५+' असतं, म्हणजे ती मुलांचं खेळणं म्हणून विकलेली नाही. वस्तू काय आहे हे अनेकदा असं कागदावर ठरतं. अमेरिकेत बाहुल्यांवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क होतं, तेव्हा टॉय बिझनं कोर्टात सांगितलं की एक्स-मेन ही माणसं नव्हेत, म्हणून या बाहुल्या नव्हेत. २००३ मध्ये कोर्टानं ते मान्य केलं. ज्या मुलांना एक्स-मेन आपलेसे वाटायचे त्यांना हा निकाल कसा समजावायचा, मला सुचत नाही.

आमच्या सोसायटीत दिवाळीला पार्किंगच्या कोपऱ्यात मुलं किल्ला करतात. महाराज सिंहासनावर आणि भोवती मातीचे मावळे. मावळ्यांच्या पाठीवर काही छापलेलं नसतं. गेल्या वर्षीचा फुटला तर यंदा दुसरा आणायचा. संच कधी अपुरा पडत नाही, कारण संच किती जणांचा हे कुणी ठरवलेलंच नाही. त्यांच्यातला शूर कोण, भित्रा कोण, कडा कोण चढणार, हे किल्ला करणारी मुलं ठरवतात.

गेल्या दिवाळीत भाच्यानं माझा अंगठा तुटलेला सैनिक बुरुजावर उभा केला, आळीव उगवलेल्या उतारापाशी. त्याचं नाव काय, म्हणून मला विचारलं. ओळखीचं कार्ड मी कधीच हरवलं होतं, तसं सांगितलं. त्यानं जरा विचार केला आणि तो दारावेकर असल्याचं जाहीर केलं. रात्रीचा पहारा त्याच्याकडे.