डिस्क जाणारच; प्रत कुठे आहे?

आयबीएमने १९५६ साली रॅमॅक या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क आणली. २४ इंची ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण फक्त ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलमधला एखादा फोटोच तेवढी जागा खातो. साठवण लाखो पटींनी वाढली, पण गाभा तोच राहिला: फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून सरकणारं हेड.

घरच्या संगणकातली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. हेड तिला टेकत नाही; काही नॅनोमीटरवर, हवेच्या थरावर तरंगतं. चालू डिस्कला धक्का बसला की ते तबकडीवर घासतं आणि चुंबकीय लेप खरवडला जातो. धक्का नाही बसला तरी बेअरिंग झिजतं, सर्किट जळतं.

मग डिस्क टिकते किती? काही कंपन्या दोन बिघाडांमधला सरासरी काळ दहा लाख तास, म्हणजे ११४ वर्षं सांगतात. हे एका डिस्कचं वय नव्हे, मोठ्या ताफ्यातल्या बिघाडांवरून काढलेली सरासरी आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात तर दरवर्षी शंभरातल्या दोन ते चार डिस्क बदलाव्या लागणं सर्रास आढळलं. त्याच वर्षी गूगलने आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा हिशेब मांडला. बंद पडलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त डिस्कनी ‘स्मार्ट’ या अंगभूत तपासणीत कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणून खडखडाट ऐकू आल्यावर बघू, हे धोरण कामाचं नाही. एसएसडीत फिरणारं काही नसतं, पण तिच्या पेशींवर लिहिण्यालाही मर्यादा आहे आणि ती बिघडली की आतला डेटा काढणं बहुधा अधिकच अवघड.

प्रत काढली म्हणजे सुटलो, असंही नाही. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये एका चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी २’च्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या आणि बॅकअपही बिघडलेला निघाला. तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या संगणकावरच्या प्रतीने काम वाचवलं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली. आपल्या न्हावा शेव्यातल्या टर्मिनललाही त्याची झळ बसली. जगभरच्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांची प्रत राखत होते, म्हणून एकदमच गेले. वीज गेल्याने नेटवर्कबाहेर राहिलेला घानामधला एकच सर्व्हर वाचला.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम नेमका यावरचा तोडगा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. सतत जोडलेली असेल तर व्हायरस आणि विजेचा झटका तिलाही गाठतो. क्लाउडचं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे पुसलेली फाइल सगळीकडून पुसली जाते. मुदतीत कचरापेटीतून काढली तरच परत मिळते. आणि अधूनमधून प्रतीतून चार फाइली उघडून बघा.

सुट्टीत फोटो, घराची कागदपत्रं आणि हिशेब यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, एक दुसऱ्या गावी भावाबहिणीकडे ठेवा. उघडून पाहिलेली नसेल, तर त्या प्रतीवर भरवसा ठेवू नका.