मडलॉकची न्याहारी

‘एकादशी, दुप्पट खाशी’ असं आजी चिडवते ना? मग पुढच्या वेळी साबुदाण्याची खिचडी खाता खाता तिला विचारा, “आजी, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कच्चा खाल्ला तर?”

आपल्याकडचा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमहून येतो, टॅपिओका नावाच्या कंदापासून. हा कच्चा कंद किसला किंवा चावला की त्यातून सायनाइड सुटतं. हो, हो, तेच! रहस्यकथेतला खलनायक गुपचूप कॉफीत मिसळतो ते. पण घाबरू नका. कंद वाटून, धुऊन, निवळून, वाळवून त्याचा साबुदाणा होईपर्यंत ते निघून गेलेलं असतं. खिचडी बिनधास्त खा. वर कूट जास्त मागा.

म्हणजे सायनाइड हे काही माणसाने कारखान्यात शोधलेलं विष नाही. कडू बदाम, जर्दाळूच्या बिया, झालंच तर मातीतले काही जीवाणू, सगळ्यांकडे त्याची पाककृती फार जुनी आहे. आणि ज्या गल्लीत इतकी वर्षं विष शिजतंय, तिथे ते पचवणाराही कुणीतरी राहत असणारच की! हा ‘कुणीतरी’ शोधायची पाळी आली एका सोन्याच्या खाणीमुळे.

अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात ब्लॅक हिल्स नावाचे डोंगर आहेत. हे डोंगर लकोटा लोकांचे, असं १८६८च्या तहात अमेरिकेच्या सरकारने मान्य केलं होतं. १८७४ मध्ये तिथे सोनं दिसलं आणि तह गेला गुंडाळून. (ती गोष्ट दुःखाची आहे आणि मोठी आहे. तिच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) १८७६ मध्ये तिथेच होमस्टेक खाणीचं सोनं सापडलं. पुढची सव्वाशे वर्षं माणसं खाली खाली खणत गेली, जवळजवळ अडीच किलोमीटर! आपलं कळसूबाई शिखर उचलून त्या खड्ड्यात ठेवलं, तर शिखराच्या डोक्यावर आणखी पाऊण किलोमीटर जागा उरेल.

आता खाणीतलं सोनं म्हणजे पिवळीधमक बिस्किटं नव्हेत. टनभर दगडात जेमतेम एखाद्या अंगठीपुरतं, तेही डोळ्यांना न दिसणारं. ते काढायचं कसं? १८८७ मध्ये ग्लासगोच्या जॉन मॅकआर्थर या रसायनतज्ज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी युक्ती काढली. दगड पिठासारखा दळायचा, त्यात सायनाइडचं पातळ पाणी घालायचं आणि हवा खेळवायची. सोनं हळूहळू विरघळून पाण्यात उतरतं. मग पाण्यातून सोनं काढून घ्यायचं. ‘केजीएफ’ सिनेमातलं कोलार आठवतं? तिथे दळलेल्या दगडाच्या चक्क टेकड्या आहेत आणि लोक त्यांना ‘सायनाइड डंप’ म्हणतात.

होमस्टेकवाले काय करत? उरलेला चिखल सरळ व्हाइटवुड क्रीक नावाच्या ओढ्यात सोडून देत. एक-दोन नव्हे, शंभर वर्षं! १९७७ पासून तो धरण बांधून अडवू लागले. पण धरणात चिखल खाली बसला तरी वरच्या निवळीत सायनाइड होतंच. ते पाणी कधी ना कधी ओढ्यात सोडावं लागणार. आणि या ओढ्यातला ट्राउट मासा भलता नाजूक. आपल्याला चवही कळणार नाही एवढ्या सायनाइडनेसुद्धा तो उलटा तरंगतो.

मग होमस्टेकच्याच टेरी मडर आणि जेम्स व्हिटलॉक या दोघांनी एक जीवाणू वेगळा काढला. त्याला त्यांनी आधी थोडं सायनाइड दिलं, मग आणखी थोडं, मग आणखी. तुम्हाला नाही का, आधी फोडणीतली मिरची सोसेना आणि आता ठेचा लागतो? तसंच. शेवटी हा पठ्ठ्या सायनाइडवर न्याहारी करायला लागला. त्याचं नाव ठेवलं स्यूडोमोनास पॉसिमोबिलिस मडलॉक. यातलं ‘मडलॉक’ कुठून आलं असेल? मडर अधिक व्हिटलॉक! संधी सोडवा, पाच गुण. हाच जीवाणू आपल्याकडे जोशी आणि कुलकर्णींना सापडता, तर ‘जोकर्णी’ झाला असता.

जीवाणू मिळाला, पण त्याला ठेवायचं कुठे? नुसता पाण्यात सोडला तर पाण्याबरोबर वाहून जाईल. इथे जरा उठा आणि चार दिवस न घासलेल्या बादलीच्या आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं? ती जीवाणूंची वसाहत आहे. एकदा कुठे चिकटले की हे लोक स्वतःभोवती असा चिकट थर करून ठाण मांडतात. होमस्टेकमध्ये नेमकं हेच वापरलं. पापडांची चवड आडवी करून मधून दांडा घालावा, तशा प्लॅस्टिकच्या नालीदार चकत्यांचे मोठाले रहाट केले. एकेक रहाट दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच. असे ४८! निम्म्याहून थोडा कमी भाग पाण्यात, बाकीचा बाहेर, आणि फिरायची गती अगदी आळसावलेल्या आकाशपाळण्याची. पाण्यात बुडलं की घास घ्यायचा, वर आलं की श्वास घ्यायचा. १९८४ मध्ये हे रहाट सुरू झाले. दिवसाला दोन कोटी लिटरपर्यंत पाणी त्यांच्यातून जाऊ शकत असे. दहा हजार लिटरचे टँकर मोजलेत, तर दोन हजार टँकर!

संपली गोष्ट? छे! सायनाइड म्हणजे एक कार्बन आणि एक नायट्रोजन हातात हात घालून उभे. मडलॉकने हात सोडवले की नायट्रोजनचा होतो अमोनिया. एसटी स्टँडवरच्या मुतारीपाशी नाक दाबायला लावतो ना, तोच. आणि ट्राउटला तोही सोसत नाही! म्हणून पहिल्या २४ रहाटांवर सायनाइड खाणारे आणि पुढच्या २४ वर अमोनिया खाणारे. या दुसऱ्या टोळीने अमोनियाचं नायट्रेट केलं, जे झाडं खत म्हणून घेतात. मला ही दुसरी टोळीच जास्त आवडते, कारण तिचे नखरे फार. वाढतात सावकाश, थंडी सोसत नाही, खायला सोडा लागतो, वर फॉस्फरसही हवा. तिथला हिवाळा तर सगळं गोठवणारा. मग खोल खाणीतलं कोमट पाणी धरणाच्या गार पाण्यात मिसळायचं, अगदी बाळाच्या अंघोळीचं पाणी विसणतात तसं. तांबं, लोखंड असे धातूही त्या बुळबुळीत थराला चिकटत. थर जाड होऊन गळून पडला की टाकीत तळाशी बसे.

पुढे व्हाइटवुड क्रीकमध्ये ट्राउट परतले आणि त्यांच्यामागोमाग गळ घेऊन माणसंही.

खाण २००२ मध्ये बंद झाली. आता त्याच बोगद्यांत, दीड किलोमीटर खोल, शास्त्रज्ञ डार्क मॅटर नावाचा न दिसणारा पदार्थ शोधत बसलेत. पण खाण बंद झाली हे पाण्याला कोण सांगणार? ते झिरपतच राहतं. मध्ये काही वर्षं पंप बंद ठेवले, तर खालचे बोगदे बुडायला लागले होते. म्हणून आजही रात्रंदिवस पंप चालतात आणि वर आलेलं पाणी आधी साफ होतं, मगच ट्राउटच्या घरी जातं.